एलडीएल ९२ असूनही दादाला झटका आला. रिपोर्टातलं ‘सेरामाइड ८’ म्हणजे काय?

कृष्णाघाट:

नमस्कार. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहिते आहे. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझा सख्खा मोठा भाऊ, वय ४९, गेली अठरा वर्षं मिनियापोलिसला आहे. शाकाहारी, निर्व्यसनी, वजन ६८ किलो. फेब्रुवारीत एका शनिवारी लेकीला व्हायोलिनच्या क्लासला सोडून परत येताना त्याचा डावा जबडा दुखायला लागला. आदल्याच आठवड्यात दाढेचं काम झालं होतं, म्हणून दाढच ठणकतेय असं धरून तो घरी येऊन आडवा झाला. वहिनीने उशी घामाने ओली झालेली पाहिली आणि कुणाला काही न विचारता रुग्णवाहिका बोलावली, म्हणून आज तो आहे. एक धमनी जवळजवळ बंद झाली होती, स्टेंट टाकला.

आम्हाला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. नोव्हेंबरमध्ये त्याची वार्षिक तपासणी झाली होती. एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ९२. तिथल्या डॉक्टरांनी “सगळं छान आहे” म्हणून पाठवलं होतं. दादाने त्या दिवशी आईला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, “माझं बाबांसारखं होणार नाही.”

बाबा १९९८ साली गेले, ५४व्या वर्षी, शाळेच्या स्टाफरूममध्ये. त्यांची फाइल आईने अजून जपून ठेवली आहे. तीत एकूण कोलेस्टेरॉल १९८ असा आकडा आहे. त्याभोवती बाबांनी स्वतः, पेपर तपासायच्या लाल पेनाने, गोल करून ‘नॉर्मल’ असं लिहिलं आहे. तो कागद मी परवा पुन्हा काढून पाहिला.

आता मुख्य प्रश्न. दादा दवाखान्यात असताना दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त ‘सेरामाइड’ नावाच्या तपासणीला गेलं. रिपोर्टात स्कोअर ८, पुढे ‘वाढलेला धोका’. खाली सी १६:०, सी १८:०, सी २४:१ असे आकडे आणि तीन गुणोत्तरं. डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावलं, पण औषधांच्या गुंगीत दादाच्या लक्षात फारसं राहिलं नाही. तो रोज रात्री मला फोन करून विचारतो, “हे सेरामाइड माझ्यात आलं कुठून?” मी मराठी शिकवते. मी काय सांगू त्याला?

आणि माझं काय? वय ४५, वाईत राहते. एलडीएल ११८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७५, तीन महिन्यांची साखर ५.९, कंबर ९० सेंटिमीटर. मी ही तपासणी करून घ्यावी का? इथे सातारा-पुण्याकडे होते का? खर्चाचं नंतर बघू. आईने तर घरातलं तूप बंदच करून टाकलं आहे आणि स्वतःलाच दोष देत बसते, लहानपणी पोरांना वरणभातावर तूप वाढलं म्हणून.

तूरडाळ:

ताई, तुमच्या भावाला बरं वाटो. वाचून पोटात गलबललं. माझी गोष्ट हीच आहे. अकोल्याला बँकेत होतो, ५१व्या वर्षी ॲन्जिओप्लास्टी. त्याआधी पाच वर्षं दरवर्षी कोलेस्टेरॉल तपासत होतो आणि दरवर्षी बायकोला सांगत होतो की आपलं ठीक आहे.

नंतर घाबरून एका फोनवाल्या मुलाच्या सांगण्यावरून ‘हृदय पॅकेज’ घेतलं. बावीस पानांचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिनं होती, थायरॉइड होतं, लोह होतं. माझ्या डॉक्टरांना हवी होती ती एक तपासणी त्यात नव्हती, ती वेगळे पैसे भरून करावी लागली. म्हणून तुम्ही काहीही करण्याआधी इथल्या जाणकारांचं ऐका. ‘पिपेट’ ताई इकडे येतात अधूनमधून, त्यांचं कामच यातलं आहे.

त्यांना माझाही एक प्रश्न: आमच्याकडे घाणीचं शेंगदाणा तेल आहे. ते चालतं का? कुणी म्हणतं चांगलं, कुणी म्हणतं सगळं तेल वाईट.

पिपेट:

कृष्णाघाट ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, पण सकाळी शांतपणे लिहायचं ठरवलं. मी मूळची कऱ्हाडची. गेली अकरा वर्षं फिनलंडमध्ये तुर्कूला मेद मोजण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मी डॉक्टर नाही. रक्तातले हे रेणू मोजणं हे माझं रोजचं काम आहे, तेवढ्यापुरतं अधिकाराने सांगते.

आधी नाव. १८८४ मध्ये लंडनमधल्या थुडिकुम नावाच्या डॉक्टरने मेंदूतल्या रसायनांवर ग्रंथ लिहिला. मेंदूतून मिळालेल्या एका पदार्थाने त्याला इतकी कोडी घातली की ग्रीक कथेतल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून त्याने त्याला ‘स्फिंगोसीन’ म्हटलं. या स्फिंगोसीनला एक मेदाम्ल, म्हणजे चरबीतलं कार्बनच्या साखळीचं आम्ल, जोडलं की झालं सेरामाइड. मेदाम्लाची साखळी किती कार्बनची, यावरून त्याचे प्रकार पडतात. दादांच्या रिपोर्टातला १६, १८, २४ हा आकडा म्हणजे ती साखळी. ‘:०’ म्हणजे साखळीत एकही दुहेरी बंध नाही, ‘:१’ म्हणजे एक आहे.

हे बाहेरून आलेलं विष नाही, हे दादांना पहिल्यांदा सांगा. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सेरामाइड असतं आणि त्याच्याशिवाय पेशी जगणार नाही. शरीर ते सेरीन नावाचं साधं अमिनो आम्ल आणि पामिटिक आम्ल यांच्यापासून घरीच बनवतं. पामिटिक म्हणजे सोळा कार्बनचं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं, मेदाम्ल. पाम तेलात ते सुमारे ४४ टक्के असतं, तुपात पाव हिस्सा किंवा थोडं जास्त. पण तूप न खाणाऱ्याच्या अंगातही ते तयार होतं, कारण गरजेपेक्षा जास्त साखर आणि पीठ पोटात गेलं की यकृत त्याचं पामिटिक करून ठेवतं.

ठेवायला जागा असेल तोवर ठीक. बाजार समितीत गोदाम भरलं की पोती ओसरीवर येतात, ओसरी भरली की रस्त्यावर, तसं होतं. चरबीच्या पेशी भरल्या की मेद यकृतात, स्नायूंत, धमनीच्या अस्तरात जाऊन बसतो. तिथे त्याचा एक भाग सेरामाइडच्या वाटेला लागतो. मग सेरामाइड पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप अडवतं, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून नळी सैल ठेवत असतं, ते कमी पडायला लागतं. आणि तिसरी गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते: एलडीएल म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण; त्यांच्या पृष्ठभागावर सेरामाइड वाढलं की ते कण धमनीच्या भिंतीत एकमेकांना चिकटतात, लापशीत गाठी धराव्यात तसे. हेलसिंकीच्या विहुरी संशोधन संस्थेच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की काही माणसांचं एलडीएल इतरांपेक्षा लवकर गाठी धरतं, आणि अशा हृदयरुग्णांमध्ये पुढे मृत्यूही जास्त झाले. म्हणजे ९२ हा आकडा दोन माणसांत सारखा असला तरी दोघांचं एलडीएल सारखं वागेलच असं नाही.

आता स्कोअर. फिनलंडमधल्या एस्पोच्या झोरा बायोसायन्सेस या कंपनीच्या संशोधकांनी फिनलंड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड इथल्या हृदयरुग्णांच्या साठवलेल्या रक्तावर काम केलं आणि ते २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. कोण पुढे हृदयविकाराने दगावलं हे आधीच माहीत होतं, त्याचं रक्त पाठीमागे जाऊन तपासलं. सी १६:०, सी १८:० आणि सी २४:१ वाढलेले लोक जास्त दगावले. सी २४:० मात्र तसं वागत नव्हतं, म्हणून त्याच्याशी बाकी तिघांचं गुणोत्तर काढतात. तीन आकडे, तीन गुणोत्तरं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १२. ० ते २ कमी धोका, ३ ते ६ मध्यम, ७ ते ९ वाढलेला, १० ते १२ जास्त. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने ही तपासणी रुग्णांसाठी सुरू केली. दादा राहतात त्या मिनेसोटा राज्यातच आहे ते, त्यामुळे दादांच्या डॉक्टरांना ती हाताशी असणं स्वाभाविक आहे.

हा आकडा निघतो कसा, हेही थोडं सांगते. कोलेस्टेरॉलच्या मानाने रक्तात सेरामाइड हजारो पटींनी कमी असतं. साध्या रंग बदलणाऱ्या तपासणीत ते दिसत नाही, त्याला वस्तुमान मोजणारं मोठं यंत्र लागतं. आम्ही रेणू आत सोडतो, यंत्र त्याला फोडतं आणि तुकडा मोजतं. सी १६:० चं वजन आत जाताना ५३८, सी १८:० चं ५६६, सी २४:१ चं ६४८, सी २४:० चं ६५०. फुटल्यावर चौघांचाही स्फिंगोसीनचा तोच तुकडा निघतो, २६४ चा. शेवटच्या दोघांत फक्त दोन हायड्रोजनचा फरक. निसर्गातल्या कार्बनचा थोडा वाटा जरा जड असतो, त्यामुळे २४:१ चे काही रेणू ६५० वजनाचे भरतात आणि २४:० असल्यासारखे दिसतात. म्हणून दोघांना आधी एका बारीक नळीतून पळवून वेगळं करावं लागतं: २४:१ पुढे, २४:० मागे. पडद्यावर त्यांचे दोन सुळके स्पष्ट वेगळे उभे राहिले तरच त्या दिवसाचं काम मी खरं मानते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तिच्यातून मी हे गुणोत्तर प्रकरण खरं शिकले. कामाच्या दुसऱ्या वर्षी, फोन घ्यायला मध्येच उठले आणि परत आल्यावर आठ नळ्यांच्या एका रांगेत खुणेचं प्रमाण-द्रव्य दुसऱ्यांदा घातलं. यंत्र त्या द्रव्याच्या तुलनेत मोजतं. त्या आठही जणांचं सेरामाइड निम्मं आलं. कागदावर आठ माणसं एका दुपारीत बरी झाली. पण गुणोत्तरं जशीच्या तशी होती, कारण वरचा आणि खालचा दोन्ही आकडे सारखेच निम्मे झाले होते. तिथेच माझ्या लक्षात आलं की रक्त बदललेलं नाही, माझा हात चुकला आहे. सगळे नमुने परत केले, रात्री साडेदहा वाजले. तेव्हापासून मी कुठलाही असा रिपोर्ट पाहिला की आधी गुणोत्तरं पाहते. दादांनीही तेच पाहावं: तीन गुणोत्तरांना किती गुण मिळालेत.

आणि ताई, तुम्हाला एक दाखवायचं आहे. दादांचा नोव्हेंबरचा रिपोर्ट पुन्हा काढा. एलडीएलच्या वरखाली काय आहे? एचडीएल किती, ट्रायग्लिसराइड किती, उपाशीपोटीची साखर किती? तिथे काही सापडलं तर इथे लिहा. मला शंका आहे की सेरामाइड ८ जे सांगतंय ते त्या साध्या कागदावर तेव्हाच लिहिलेलं होतं.

तुमची आई स्वतःला दोष देते ते वाचून फार वाईट वाटलं. हेलसिंकीतच ३८ वजनदार माणसांना तीन आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. एका गटाला लोणी, खोबरेल, चीज, दुसऱ्याला असंपृक्त तेल-सुकामेवा, तिसऱ्याला साखर. यकृतातली चरबी पहिल्या गटात ५५ टक्के वाढली, दुसऱ्यात १५, साखरेच्या गटात ३३. रक्तातली सेरामाइडं संपृक्त मेदाच्या गटात वाढली. म्हणजे संपृक्त मेद दोषी आहेच, पण तो रोजच्या हजार जादा कॅलरींचा प्रयोग होता. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने पन्नाशीतला झटका येत नाही, आणि तीस वर्षांपूर्वीच्या तुपाने तर नाहीच. बिस्किटं, फरसाण, बेकरीतली खारी यांतलं पाम तेल आणि वनस्पती तूप आईंनी आधी बंद करावं.

तूरडाळ काका, शेंगदाणा तेलात गंमत म्हणावी अशी गोष्ट आहे: लिग्नोसेरिक म्हणजे तेच २४:० मेदाम्ल त्यात थोडं, टक्का-दोन टक्के असतं. त्यावरून ‘शेंगदाणा खा, सेरामाइड सुधारा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्पेनमधल्या भूमध्य आहाराच्या मोठ्या अभ्यासात ९८० जणांचं रक्त तपासलं, तिथे सी २४:० जास्त असणाऱ्यांनाही धोका जास्त निघाला होता. तेल बेताने वापरत असाल तर घाणीचं शेंगदाणा तेल बदलायचं काही कारण नाही. त्याच अभ्यासात आणखी एक निघालं, ते मला सगळ्यात आशेचं वाटतं. सेरामाइड वाढलेल्या ज्या लोकांना ऑलिव्ह तेल, सुकामेवा, भाज्या, कडधान्यं असा आहार दिला, त्यांच्यात तो धोका बराच कमी दिसला.

रानजाई:

मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या चेहऱ्याच्या क्रीमवर मोठ्या अक्षरात ‘सेरामाइड’ लिहिलंय. त्वचेच्या डॉक्टरांनीच दिलंय, कोरड्या त्वचेसाठी. हे वाचून काल रात्री लावलं नाही. ते रक्तात जातं का?

पिपेट:

रानजाई, लावा, बिनधास्त लावा. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मेदापैकी जवळपास निम्मं सेरामाइडच असतं. विटांमधल्या चुन्यासारखं ते काम करतं, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. इसब झालेल्या त्वचेत ते कमी पडतं, म्हणून डॉक्टर बाहेरून देतात. रक्तातल्या स्कोअरमध्ये मोजलं जातं ते यकृताने एलडीएल आणि इतर कणांवर चढवून रक्तात सोडलेलं. एकाच नावाच्या दोन ठिकाणच्या दोन कामांची ही गल्लत पुष्कळजण करतात. हिवाळ्यात इथे उणे वीस असतं तेव्हा मीही तेच लावते.

जुना_स्टेथो:

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. पिपेट ताईंनी शास्त्र इतकं नीट मांडलं आहे की मला फक्त व्यवहाराचं बोलायचं आहे.

कृष्णाघाट ताई, तुम्ही सेरामाइडच्या मागे लागू नका. कारण सांगतो. तपासणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण आज तुमचा स्कोअर २ आला काय आणि ९ आला काय, मी तुम्हाला सांगणार ते एकच. फक्त सेरामाइड कमी करायचं म्हणून दिलं जाणारं मान्यताप्राप्त औषध नाही. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीने एलडीएलबरोबर तेही उतरतं, आणि स्टॅटिन द्यायचं की नाही हे ठरवायला तुमच्याकडे आधीच पुरेसा पुरावा आहे. शिवाय तो स्कोअर युरोपातल्या रुग्णांच्या आकड्यांवर बेतलेला आहे. २ आला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, तर बाबांच्या लाल पेनासारखंच होईल. क्षमा करा, पण हे स्पष्ट बोलणं भाग आहे.

आपल्या लोकांचं गणित वेगळं आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला, इतरांना साधारण ५९व्या. आणि वजनावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तो फोटो मी माझ्या तपासणीच्या खोलीत लावला होता. बारीक दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला तो दाखवायचो. तुमच्या दादांचं ६८ किलो वजन मी त्या फोटोसमोर उभं करून वाचतो. पिपेट ताईंची ओसरीवरची पोती तीच.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं फुकटचं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. एलडीएल ११८, एचडीएल ४१ आणि ट्रायग्लिसराइड १७५ म्हणजे एकूण १९४च्या आसपास. वजा जाता १५३. धमनीत जाऊन बसू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल ते. ११८पेक्षा हा आकडा खरं बोलतो. दुसरं, एकदा लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच धमनीत बसणारा एक कण, तपासा. ते जन्माचं असतं, आईवडिलांकडून येतं, आहाराने फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा पुरतं. भारतीय हृदयरोग संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शनातही तेच सांगितलं आहे. ५० मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर)च्या वर आलं तर जास्त समजायचं. वडील ५४व्या वर्षी, भाऊ ४९व्या वर्षी, हे ऐकल्यावर मी सगळ्यात आधी तेच लिहून दिलं असतं. दादांचंही झालं नसेल तर करायला सांगा. तिसरं, जमलं तर ॲपो-बी, म्हणजे धमनीत शिरू शकणाऱ्या कणांची मोजणी. हे सगळं साताऱ्यात रक्त देऊन होतं.

साखर ५.९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कंबर ९०, आपल्या बायकांना ८०च्या आत सांगतात. रक्तदाब मोजलात का? ते तुम्ही लिहिलंच नाही.

माझ्याकडे एक रुग्ण होता, बेचाळीस वर्षांचा, एसटीत वाहक. कोलेस्टेरॉल चांगलं म्हणून मीच त्याला परत पाठवलं होतं. ट्रायग्लिसराइड २६० होतं, ते मी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. चार महिन्यांनी त्याचा भाऊ मला सांगायला आला. तेव्हापासून रिपोर्ट खालून वर वाचायची सवय लावून घेतली.

कृष्णाघाट:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. शाळेच्या परीक्षा होत्या, आणि काही गोष्टी झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पिपेट ताई, तुमचं खरं निघालं. दादाच्या नोव्हेंबरच्या कागदावर एचडीएल ३८ म्हणजे कमी, ट्रायग्लिसराइड १९० आणि साखर १०८ म्हणजे दोन्ही जास्त. जुना_स्टेथो काकांनी सांगितलं तसं मी फोनवरच गणित केलं: एकूण १६८, वजा ३८, राहिले १३०. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी फक्त तो एकच आकडा वाचला होता.” सेरामाइडची तीनही गुणोत्तरं वरच्या गुणांची होती, तीन मिळून सहापैकी पाच. कंबर मोजली, ९४ सेंटिमीटर. रात्री उशिरापर्यंत कामाच्या बैठका, दिवसाला सहा कप गोड चहा, प्रत्येकाबरोबर दोन बिस्किटं. शाकाहारी म्हणून आपण सुरक्षित, असं तो खरोखर समजत होता.

माझं लिपोप्रोटीन-ए ७१ आलं. दादाचं तिकडे केलं, तेही वाढलेलं आहे. रक्तदाब मोजला, १४२ आणि ९०, तीन दिवस लागोपाठ तेवढाच. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्टॅटिन आणि रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे. सेरामाइड तपासणी मी केली नाही. मला आता तिची गरज वाटत नाही.

आईला मी पिपेट ताईंचं तुपाबद्दलचं लिहिलेलं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने. दुसऱ्या दिवशी ताटात वरणभातावर तूप होतं, छोट्या चमच्याने. दारावर येणारी खारी मात्र तिने बंद केली, त्या बेकरीवाल्याला कारणासकट सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. दादाचा तिकडचा डॉक्टर म्हणतो सेरामाइड तीन महिन्यांनी पुन्हा करू. करावं का?

पिपेट:

तुमचं लिहिलेलं वाचून आज दिवसभर बरं वाटलं, ताई.

दादांनी करायला हरकत नाही. स्टॅटिन सुरू झाल्यावर उतरतं का ते दिसेल, आणि त्यांना स्वतःलाही धीर येईल. झटका आल्याच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त होतं ते, तेव्हा शरीर वादळात असतं. शांतपणे घेतलेला एक आकडा हवाच. फक्त त्याच प्रयोगशाळेत, उपाशीपोटी, आणि एकदोन गुण इकडेतिकडे झाले तर मनाला लावून घेऊ नये. एलडीएल आणि ॲपो-बी किती खाली आलं हे त्यांनी आधी विचारावं, सेरामाइड त्यानंतर.

जुना_स्टेथो:

आणि ताई, त्यांच्या लेकीचं लिपोप्रोटीन-ए. व्हायोलिनवालीचं. दोन्ही भावंडांचं वाढलेलं आहे, आजोबा लवकर गेले. तिचंही एकदा पाहून ठेवायला सांगा.

कृष्णाघाट:

काका, सांगितलं. ती चौदा वर्षांची आहे. मंगळवारी आहे तिचं, दादा स्वतः घेऊन जाणार आहे.